द्राक्षांचा घरगुती शिरका

आंबविण्याची क्रिया आपल्या घरांतून जितकी नित्य घडते, तितकाच तिच्याविषयी विचार कमी होतो. रात्री दूध विरजावयाचे, इडलीचे पीठ वाटून उबेला ठेवावयाचे, कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून त्यांचा चीक काढावयाचा, जिलबीचे पीठ आदल्या दिवशी कालवावयाचे, नाचणीची आंबील लावावयाची, ही सर्व कामे गृहिणी इतक्या सहजतेने करते की त्यांत काही शास्त्र आहे याची तिला आठवणही राहत नाही. पीठ किती फुगले म्हणजे पुरे, थंडीत विरजण किती जास्त घालावे, उन्हाळ्यात दही केव्हा थंड जागी हलवावे, हे ज्ञान तिच्या हातांत असते. मात्र याच घरात चार दिवस राहिलेल्या फळांच्या रसाला बुडबुडे येऊ लागले, की तो ‘नासला’ असे म्हणून मोरीत ओतला जातो. दूध आंबले तर ते अन्न आणि रस आंबला तर तो उकिरडा, असा हा भेद का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आणि विचाराबरोबर कृतीही सांगावयाची आहे.

माघ-फाल्गुनात नाशिक, सांगली व सोलापूर या भागांतील द्राक्षे गावोगाव येतात. घडांपासून सुटलेले मणी गाडीवर स्वस्त मिळतात. खाऊन संपत नाहीत, फार दिवस टिकत नाहीत, आणि सर्वांनाच काही बेदाणे करणे साधत नाही. अशा मण्यांचा उत्तम उपयोग म्हणजे शिरका. आम्ही शाळेतून निवृत्त झाल्यापासून दरवर्षी तो घरी करीत आलो आहो. त्या अनुभवाचा आधार पुढील मजकुरास आहे.

द्राक्षरस आंबवून त्याचे पेय करण्याची कला आपल्या ग्रंथकारांस उत्तम अवगत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणाच्या पंचविसाव्या अध्यायात, सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. तेथे मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार सांगितले असून, मधु म्हणजे द्राक्षांचा रस अशी स्पष्ट व्याख्या केलेली आहे. त्या मधूची दोन नावे, कापिशायन व हारहूरक, ही ज्या प्रदेशांत ते होई त्यांवरून पडलेली. कापिशी नगरी हल्लीच्या काबूलच्या उत्तरेस होती. तिच्या नावावरून ‘कापिशायन’ हा शब्द सिद्ध करण्यासाठी पाणिनीस एक स्वतंत्र सूत्र रचावे लागले, यावरून त्या द्राक्षपेयाची कीर्ती किती दूरवर असेल ते समजते. आंबविण्यास लागणाऱ्या बीजद्रव्यास कौटिल्य ‘किण्व’ म्हणतो. आज आपल्या शाळांतील शास्त्राच्या पुस्तकांत जो ‘किण्वन’ शब्द आहे, तो याच कुळातला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तर धान्य, फळे, मुळे, फुले इत्यादिकांपासून होणारी चौऱ्याऐंशी आसवे मोजून दाखविली आहेत.

कौटिल्याचे आणखी एक वचन गृहस्थांच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. मद्यावर राजाचे कडक नियंत्रण असावे असे सांगणारा हाच ग्रंथकार, कुटुंबवत्सल माणसांस काही कृत्यांच्या प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधाकरिता अरिष्ट घरी करण्याची मोकळीक देतो. म्हणजे घरी काय आंबवावे आणि काय आंबवू नये, हा प्रश्न राजदरबारी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही होता. आजही तो आहे, आणि देशोदेशी त्याचे उत्तर निराळे आहे. अमेरिकेत मध्यवर्ती कायद्याप्रमाणे दोन प्रौढ माणसांच्या घरास वर्षाकाठी २०० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ७५० लिटर, द्राक्षमद्य स्वतःपुरते करता येते. विकता मात्र येत नाही. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, घरात केले तरी आणि स्वतःकरिता केले तरी. परदेशी राहणाऱ्या मुलांनी पत्रातून कितीही उत्साहाने आपापल्या बरण्यांचे वर्णन केले, तरी येथील वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. द्राक्षरसाच्या वाटेवर आपणांस जेथे जावयाचे आहे तो मुक्काम मद्याचा नव्हे, त्याच्या पलीकडचा आहे.

एका रसाच्या तीन अवस्था

गोड, मादक आणि आंबट अशा तीन अवस्थांतून फळाचा रस क्रमाने जातो. पहिल्या अवस्थेत त्यात साखर असते. द्राक्षांच्या सालीवर व हवेत असलेले किण्व, ज्यास बाजारात यीस्ट म्हणतात, ती साखर खाऊन तिचे मद्यार्क व कर्बवायू असे दोन भाग करते. ही दुसरी अवस्था. त्यानंतर निराळ्या जातीचे सूक्ष्म जीव त्या मद्यार्काचा हवेतील प्राणवायूशी संयोग करून त्याचे आम्ल बनवितात. ही तिसरी अवस्था; आणि हे आम्ल पाण्यात मिसळलेले असते तोच शिरका. इंग्रजीतील ‘व्हिनेगर’ हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थच ‘आंबट झालेले द्राक्षमद्य’ असा आहे. आपला ‘शिरका’ फारसीतून आलेला.

हे काम सजीवांचे आहे, केवळ पदार्थांच्या आपोआप कुजण्याचे नव्हे, हे फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी सिद्ध करून दाखविले. १८५७ साली त्यांनी दूध आंबविणाऱ्या जीवांवर निबंध प्रसिद्ध केला. १८६६ साली द्राक्षमद्यावर आणि १८६८ साली शिरक्यावर त्यांचे ग्रंथ निघाले. मद्य करणाऱ्यांचे पिंप का बिघडते, या व्यावहारिक प्रश्नातून जन्मलेले हे शास्त्र पुढे रोगजंतूंच्या ज्ञानापर्यंत पोहोचले.

दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेतील अंतर केवळ एका वस्तूने ठरते, ती म्हणजे हवा. मद्य करणारा आंबलेल्या रसास हवा लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो. बरणीच्या तोंडास नळी बसवून तिचे टोक पाण्यात बुडवितो, जेणेकरून आतील वायू बाहेर पडावा पण बाहेरची हवा आत जाऊ नये. शिरका करणारा नेमके उलट करतो. तो रुंद तोंडाचे भांडे घेतो, ते अर्धेच भरतो आणि वर केवळ फडके बांधतो. एकाचा बिघाड तोच दुसऱ्याचा लाभ होय.

यातील हिशेबही पाहण्यासारखा आहे. दर लिटर रसात सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे शेकडा एक भाग मद्यार्क होतो. पिकलेल्या द्राक्षांत शेकडा १८ ते २० भाग साखर असते. म्हणजे निव्वळ रस आंबविला तर ११ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होईल. शिरक्याच्या जीवांस इतका तीव्र द्रव मानवत नाही. ६-७ टक्के असला म्हणजे ते जोमाने वाढतात. म्हणून रसात प्रारंभीच पाणी घालावयाचे. मद्यार्काच्या एका भागापासून आम्लाचा एक भाग होऊ शकतो, प्रत्यक्षात थोडा कमीच हाती लागतो. तेव्हा ७ टक्क्यांच्या द्रवापासून ५ टक्क्यांचा शिरका मिळाला तर समाधान मानावे.

एक आक्षेप

आमच्या एकत्र कुटुंबात हा विषय प्रथम निघाला तेव्हा थोरल्या वहिनींनी स्पष्टच विचारले, “भावजी, आता दारूचे पिंप आपल्या माजघरात यायचे का?” त्यांच्या माहेरी एका भावाचा संसार व्यसनापायी धुळीस मिळालेला, त्यांच्या शब्दांमागे ते दुःख होते. ते हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. आम्ही म्हटले, “वहिनी, तुम्ही नको म्हणालात तर बरणी आणणार नाही. पण आधी ऐकून घ्या.”

धर्मशास्त्राचा विचार असा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात गुळाची, पिठाची व मधूची, अशा तिन्ही प्रकारच्या सुरा द्विजांस वर्ज्य सांगितल्या आहेत. त्याविषयी वाद नाही. पाचव्या अध्यायात अभक्ष्य पदार्थांची गणना करताना ‘शुक्त’ म्हणजे मूळचे गोड असून आंबट झालेले सर्व पदार्थ प्रथम वर्ज्य म्हटले आहेत. परंतु लगेच पुढील श्लोकात त्यास अपवाद आहेत: शुक्तांपैकी दही भक्ष्य आहे, दह्यापासून झालेले सर्व काही भक्ष्य आहे, आणि शुभ अशी फुले, मुळे व फळे यांपासून जे आंबवून करतात तेही भक्ष्य आहे. द्राक्ष हे फळ, आणि ते शुभ नव्हे असे कोण म्हणेल? म्हणजे ज्या वचनाने ताक आपल्या पानात आले, त्याच वचनाने फळांचा शिरकाही येऊ शकतो. पूर्ण झालेल्या शिरक्यात मद्यार्काचा अत्यल्प अंश उरू शकतो. ज्यांस तेवढाही नको असेल त्यांनी लिंबावर समाधान मानावे, त्यात कमीपणा काही नाही.

वहिनींनी सर्व ऐकून घेतले आणि दोन अटी घातल्या. बरणी देवघराजवळ नको, आणि मधल्या दिवसांत तिची चव घरातील कोणीही पाहावयाची नाही. आम्हांस या अटी इतक्या योग्य वाटल्या की त्या आम्ही सर्वच वाचकांस सुचवितो. शिवाय आमचे एक निक्षून सांगणे आहे: ज्या घरात कोणी व्यसनाशी झुंजत आहे किंवा त्यातून नुकतेच बाहेर आले आहे, त्या घरात ही बरणी लावू नये. तेथे सहा रुपयांची काय आणि साठ रुपयांची काय, बचत ही त्या माणसाच्या मनःस्वास्थ्यापुढे कवडीमोल आहे.

आणखी एक भीती पुष्कळांच्या मनात असते, ती विषारी दारूची. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभरावर माणसे दगावली, ती मेथॅनॉल नावाच्या कारखान्यातील विषारी द्रव्याने. द्राक्षरस साधेपणाने आंबविला असता ते द्रव्य नाममात्रच होते. संकट उद्भवते ते असे द्रव्य पेयात मिसळण्याने आणि अडाणीपणे ऊर्ध्वपातन करण्याने. आपल्या कृतीत काहीही तापवून गाळावयाचे नाही, बाहेरचे कोणतेही अर्क घालावयाचे नाहीत. आसवे व अरिष्टे हीदेखील घरी करण्याच्या भरीस पडू नये. त्यांतील औषधी, मात्रा व पथ्य यांचा निर्णय वैद्याकडेच असावा.

साहित्य

पिकलेली द्राक्षे ५ किलो, काळी अथवा हिरवी. उकळून निवविलेले पाणी २ लिटर. पावाचे कोरडे यीस्ट लहान अर्धा चमचा. आणि विरजणाकरिता जिवंत शिरका १ लिटर. या शेवटच्या वस्तूविषयी नीट पाहावे. बाजारात स्वस्त मिळणारा पांढरा शिरका बहुधा ॲसेटिक ॲसिडात पाणी घालून केलेला असतो व त्याच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे छापलेले असते. त्यात जीव नसल्याने त्याचे विरजण लागत नाही. सफरचंदाचा जो शिरका ‘मदरसह’ म्हणून विकतात, ज्याच्या तळाशी गढूळ तंतू दिसतात, तो घ्यावा. पहिल्या वर्षीच हा खर्च पडतो; पुढे आपलाच शिरका विरजणास होतो.

भांडे १० लिटरचे, रुंद तोंडाचे, काचेचे असावे. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम यांस या कामी स्पर्श करू नये. पितळेत आंबट पदार्थ कळकतो हे आपण जाणतोच, आणि शिरका तर आंबटांचा राजा. आजीच्या काळातील चिनी मातीची बरणी कितीही प्रिय असली तरी तिच्या झिलईत शिसे असण्याचा संभव असतो व आम्लाने ते उतरते; तिचा मोह टाळावा. बरणी, पळी व फडकी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. आमची नात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती म्हणते, “आजोबा, या कामात निम्मे यश भांडी घासण्याचे असते.” आम्ही तिच्या मतास सर्वथैव अनुमोदन देतो.

कृती

द्राक्षे वाहत्या पाण्यात दोन-तीन वेळा चोळून धुवावी; त्यांवर फवारलेली औषधे असतात. नासका, बुरशी आलेला एकही मणी ठेवू नये. देठ काढून टाकावे. मग मणी स्वच्छ हातांनी कुस्करावे. मिक्सरमध्ये घातल्यास बिया फुटून रस कडवट होतो. सालींसकट सर्व लगदा बरणीत घालून त्यावर २ लिटर पाणी ओतावे. यीस्ट वाटीभर कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसह दहा मिनिटे ठेवून, फेस आला म्हणजे बरणीत मिसळावे. बरणीचा वरचा चौथा भाग तरी रिकामा राहिला पाहिजे. तोंडावर दुहेरी मलमलीचे फडके ताणून दोऱ्याने घट्ट बांधावे, म्हणजे चिलटे आत जाणार नाहीत. ही चिलटे कोठून येतात कोण जाणे, पण आंबट वास सुटला की हटकून येतात.

झाकण मात्र कदापि घट्ट लावू नये. एवढ्या द्राक्षांतील साखर आंबताना दीडशे लिटरांहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. तो कोंडला तर काचेच्या ठिकऱ्या उडतील.

दुसऱ्या दिवशी साली वर येऊन त्यांचा जाड थर होईल व खाली सूं सूं असा आवाज ऐकू येईल. तो थर सकाळ-संध्याकाळ पळीने खाली दाबावा, नाही तर वरच्या कोरड्या सालींवर बुरशी धरते. आपल्याकडील उन्हाळ्यात हे काम वेगाने चालते. बरणी घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावी व भोवती ओले फडके गुंडाळावे. पाचव्या-सहाव्या दिवशी उसळी ओसरते व साली खाली बसू लागतात.

त्याच दिवशी रस गाळून, चोथा पिळून घ्यावा आणि लागलीच त्यात १ लिटर जिवंत शिरका मिसळावा. येथे एक दिवसही थांबू नये. एक तर आंबलेला रस तसाच ठेवला तर त्यावर नको ते जीव वाढतात. आणि दुसरे, मद्याच्या अवस्थेत तो साठवून ठेवणे हे आपल्या उद्देशास व कायद्यास दोहोंसही धरून नाही. विरजण पडले म्हणजे रसाची दिशा ठरली. उरलीसुरली साखर आंबणे आणि मद्यार्काचे आम्ल होणे ही कामे मग एकत्रच चालतात. आमच्या घरी हे विरजण लावण्याचे काम त्या वर्षापासून वहिनींनी आपल्याकडे घेतले आहे. दह्याच्या बाबतीत ज्यांचा हात कधी चुकला नाही, त्यांस शिरक्याचे निराळे शिकवावे लागले नाही.

धुतलेल्या त्याच बरणीत हा द्रव भरावा. ती साधारण अर्धी भरेल, आणि तसेच हवे, कारण पृष्ठभाग मोठा असला म्हणजे हवा भरपूर मिळते. पुन्हा फडके बांधून, ऊन लागणार नाही अशा जागी, जेथे २५ ते ३० अंशांची ऊब राहील तेथे ती ठेवावी. आता ढवळावयाचे नाही, हलवावयाचे नाही. दोन आठवड्यांच्या सुमारास वर एक पातळ, गुळगुळीत, दुधाळ रंगाची साय धरू लागते व पुढे ती चामट होते. हीच ती ‘मदर’, शिरक्याची माता. ती बुडाली तर नवी धरते, काळजी नको.

बरे-वाईट कसे ओळखावे

सायीचा पृष्ठभाग गुळगुळीत व ओलसर असेल तर ठीक. सुरकुतलेला, कोरडा, पांढरा पापुद्रा दिसला तर तो हलक्या जातीच्या यीस्टचा असतो; त्याने अपाय होत नाही पण चव बिघडते, म्हणून तो काढून टाकावा. परंतु केसाळ, हिरवे, निळे अथवा काळे ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी आणि सर्व बरणी निर्दयपणे ओतून द्यावी. वरचा भाग काढून खालचा वापरू, असा काटकसरीचा विचार येथे करू नये. बुरशीचे विष डोळ्यांना दिसते तेवढ्याच जागी राहत नाही.

सहा ते आठ आठवड्यांत मद्याचा वास पूर्ण जाऊन नाकात झिणझिण्या आणणारा स्वच्छ आंबट वास येऊ लागतो. काम झाले. आता आणखी थांबल्यास तोटाच होतो. मद्यार्क संपला म्हणजे ते जीव तयार झालेले आम्लच खाऊ लागतात व शिरका फिका पडतो. म्हणून वेळीच गाळून, लहान बाटल्या तोंडापर्यंत भरून बुचे घट्ट लावावी. फार दिवस ठेवावयाचा असल्यास बाटल्यांत भरण्यापूर्वी ६५ अंशांपर्यंत अर्धा तास तापवावा; ही पाश्चर यांच्याच नावाने चालणारी रीत होय. विरजणापुरता एक लिटर मात्र न तापविता निराळा ठेवावा.

तीव्रता व उपयोग

आंबविलेल्या शिरक्यात दर १०० मिलिलिटरास निदान ३.७५ ग्रॅम आम्ल असावे, असा आपल्या देशातील अन्नप्रमाणांचा नियम आहे. आपल्या शिरक्याची तीव्रता स्थूलमानाने पाहण्याची युक्ती अशी. बाटलीवर ४ टक्के असे छापलेला विकतचा शिरका ५० मिलिलिटर एका पेल्यात घ्यावा व आपला तेवढाच दुसऱ्यात. दोहोंत खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने, वजन करून, फसफस थांबेपर्यंत घालीत जावे. ४ टक्क्यांच्या शिरक्यास हिशेबाने २.८ ग्रॅम सोडा लागतो. आपल्या पेल्यास तितका किंवा अधिक लागला तर उत्तम. कमी लागला तर शिरका सौम्य आहे असे समजावे. पेल्यातील द्रव अर्थात फेकून द्यावा. मुलांस हा प्रयोग अवश्य करू द्यावा; शाळेत आम्ल-अल्क प्रकरण पाठ करण्यापेक्षा तो अधिक स्मरणात राहतो.

घरच्या शिरक्याची तीव्रता अशी अजमासानेच कळत असल्यामुळे, वर्षभर बाहेर ठेवावयाच्या लोणच्यांत त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आम्ल कमी पडले तर बंद बरणीत घातक जंतू वाढू शकतात, आणि त्यांचा वास वा चव कळेलच असे नाही. कांदा, बीट, मुळा, हिरव्या मिरच्या यांवर घालून, फ्रिजमध्ये ठेवून, चार-आठ दिवसांत संपवावयाच्या तोंडीलावण्यास तो फार चांगला. गोमंतकात माडाच्या सुरीचा आणि नवसारीकडील पारशी घरांत उसाच्या रसाचा शिरका स्वयंपाकात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यांच्या पाकशास्त्रातून शाकाहारी घरांसही पुष्कळ घेता येईल. शिरका हे औषध आहे अशी हल्ली जी हाकाटी चालते, तिच्या मागे लागून तो तसाच पिऊ नये. दातांचे कवच व घसा दोन्ही दुखावतात. उरलेला सौम्य शिरका नळावरील क्षार काढण्यास व, मीठ घालून, तांब्याची भांडी उजळण्यास उपयोगी पडतो. तो ब्लीचिंग पावडरीत मात्र मिसळू नये, विषारी वायू निघतो.

दहा आठवड्यांच्या या व्यवहारात माणसाचे काम एकंदर दोन-तीन तासांचे असते. बाकी सर्व प्रतीक्षा. पण ती प्रतीक्षा डोळे उघडे ठेवून करावयाची असते, आणि रस मधल्या अवस्थेत आला की त्यास तेथे रेंगाळू न देता पुढे न्यावयाचे असते. ज्यास ही विद्या साधली त्याने एक लिटर विरजण पुढल्या माघाकरिता ठेवावे आणि थोडे शेजारी द्यावे. विरजण दिल्याने कमी होत नाही, हे आपल्या घरांतून कोणास सांगावयास नको.